प्रशिक्षक सारखे बदलतात, दोष अध्यक्षांचा का? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर आणि निपाणी या पट्ट्यात फुटबॉलविषयी बोलणारी माणसे दोन प्रकारची आहेत. रात्री जागून इंग्लंड-स्पेनचे सामने पाहणारी आणि सायंकाळी टिळकवाडीच्या लेले मैदानाच्या कडेला उभी राहून स्थानिक सामने पाहणारी. अनेकदा ही माणसे तीच असतात. मी एका स्थानिक क्लबचा खजिनदार आहे. दोन हंगामांत आम्ही तीन प्रशिक्षक पाहिले आणि त्यानंतर मला जे प्रश्न विचारले गेले, ते येथे उत्तरांसह दिले आहेत. क्लबचे नाव दिलेले नाही, कारण त्यातील बहुतेक माणसे मला रोज भेटतात.

मॅनेजर आणि कोच हे एकच पद आहे का?

इंग्लंडमध्ये पूर्वी मॅनेजर म्हणजे सबकुछ असे. सराव, संघनिवड, खेळाडूंची खरेदी-विक्री, कधी कधी त्यांच्या पगाराची बोलणीसुद्धा त्याच्याकडेच असत. युरोपातील इतर देशांत खरेदी-विक्रीचे काम बहुधा क्रीडा संचालकाकडे असते आणि मुख्य प्रशिक्षक हाती आलेल्या संघाला घडवतो. आता इंग्लंडमधील मोठे क्लबही त्याच वाटेने गेले आहेत. आपल्याकडे सगळेच त्याला ‘कोच’ किंवा नुसते ‘सर’ म्हणतात आणि अंतिम अकरा जणांची यादी पुष्कळदा कमिटीतील दोघे-तिघे सामन्याच्या आदल्या रात्री फोनवर ठरवतात. हा फरक ध्यानात ठेवावा, कारण ज्याने संघ निवडलाच नाही त्याला संघाच्या पराभवासाठी काढले जाते, तेव्हा वड्याचे तेल वांग्यावर निघालेले असते.

‘अध्यक्ष’ म्हणजे नेमके कोण?

या प्रश्नाचे उत्तर क्लबगणिक बदलते आणि दोष देण्याआधी ते शोधावे लागते. इंग्लंडमधील चेल्सी क्लबचे मालक २००३ ते २०२२ या काळात रोमन अब्रामोविच होते. अध्यक्षपद मात्र दीर्घकाळ ब्रूस बक यांच्याकडे होते. बक यांनी प्रशिक्षक काढले असे कोणी म्हणत नाही. इंग्लंडमधीलच टॉटनहॅममध्ये डॅनियल लेव्ही २००१ पासून सप्टेंबर २०२५ पर्यंत अध्यक्ष होते आणि क्लबची मालकी एनिक या कंपनीकडे असली, तरी रोजचा कारभार लेव्हींच्याच हाती असल्याचे सर्वांना ठाऊक होते. स्पेनमधील रेआल माद्रिद आणि बार्सिलोना हे सभासदांचे क्लब आहेत. तेथे अध्यक्ष निवडणुकीतून येतो आणि त्यामुळे निवडणुकीतील आश्वासनांचे ओझेही प्रशिक्षकाच्या डोक्यावर येते.

कर्नाटकातील आपल्यासारखे बहुतेक छोटे क्लब १९६० च्या कर्नाटक संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेल्या संस्था असतात. कागदावर निर्णय कार्यकारी मंडळाचा असतो आणि वार्षिक सर्वसाधारण सभेला त्याचा जाब विचारता येतो. प्रत्यक्षात जर्सी, बूट, स्पर्धेची प्रवेश फी आणि बाहेरगावच्या सामन्याला जाणाऱ्या टेम्पोचे भाडे ज्याच्या खिशातून जाते, त्याचाच शब्द चालतो. मी स्वतः हिशेब लिहितो, म्हणून हे ठामपणे सांगू शकतो.

प्रशिक्षक ‘वारंवार’ बदलला असे कधी म्हणावे?

एका हंगामात दोनदा बदल झाला, की शंका घ्यावी. तीनदा झाला, तर शंकेलाही जागा उरत नाही. वॉटफर्डने २०१९-२० च्या हंगामात सप्टेंबरमध्ये हावी ग्रासिया, डिसेंबरमध्ये किके सांचेझ फ्लोरेस आणि जुलैमध्ये, अवघे दोन सामने उरले असताना, नायजेल पिअर्सन यांना घरी पाठवले. त्या वर्षी वॉटफर्ड प्रीमियर लीगमधून, म्हणजे इंग्लंडच्या सर्वोच्च लीगमधून, खाली घसरला.

मग दोष अध्यक्षांचाच म्हणायचा का?

बहुतेक वेळा होय, मात्र लोक समजतात त्या कारणासाठी नव्हे. लोकांचा राग असतो तो प्रशिक्षकाला काढल्याबद्दल. माझ्या मते अध्यक्षांचा खरा दोष त्याच्या कितीतरी आधी, नेमणुकीच्या दिवशी घडलेला असतो. काढलेला प्रत्येक प्रशिक्षक त्याच हाताने आणि बहुधा त्याच घाईने नेमलेला असतो. चार प्रशिक्षक अपयशी ठरले असे अध्यक्ष सांगतात, तेव्हा आपली चार वेळा निवड चुकली याची ते कबुलीच देत असतात. फक्त ती तशी ऐकू येत नाही.

याचे सर्वांत बोलके उदाहरण इटलीतील पालेर्मो आहे. मौरीझियो झाम्पारिनी यांनी २००२ मध्ये हा क्लब घेतला आणि २००४ मध्ये, तीस वर्षांहून अधिक काळाने, तो इटलीच्या सर्वोच्च लीगमध्ये परतला. लुका टोनी, कावानी, पास्तोरे, डिबाला असे खेळाडू त्यांच्या काळात तेथे खेळले, म्हणजे माणसाला खेळाडूची पारख होती, हे मान्य करावे लागेल. प्रशिक्षकांच्या बाबतीत मात्र इटालियन पत्रकारांनी त्यांना ‘प्रशिक्षक खाणारा’ असेच नाव ठेवले होते. २०१२-१३ च्या हंगामात त्यांनी सान्निनो यांना काढून गास्पेरिनी यांना आणले, त्यांना काढून मालेसानी यांना, त्यांना काढून पुन्हा गास्पेरिनी यांना आणि अखेरीस पुन्हा सान्निनो यांनाच. क्लब खालच्या लीगमध्ये गेला. २०१६-१७ मध्ये पाच प्रशिक्षक झाले आणि क्लब पुन्हा खाली गेला.

आता पालेर्मोने काढलेल्यांपैकी दोघांचे पुढे काय झाले ते पाहा. पालेर्मोने एकाच हंगामात दोनदा काढलेले गास्पेरिनी २०१६ मध्ये अटलांटाला गेले, तेथे नऊ वर्षे राहिले आणि २०२४ मध्ये त्यांनी युरोपा लीग, म्हणजे युरोपीय क्लबांची दुसऱ्या क्रमांकाची स्पर्धा, जिंकून दिली. २०१६ मध्ये पालेर्मोने काही आठवड्यांत हाकललेले रोबेर्तो दे झेर्बी पुढे इंग्लंडमधील ब्रायटनला गेले आणि त्यांनी २०२२-२३ मध्ये ब्रायटनला सहावे स्थान मिळवून देऊन क्लबच्या इतिहासात प्रथमच युरोपीय स्पर्धेत नेले. याच्या उलटही घडले. दे झेर्बी ज्यांच्या जागी आले ते ग्रॅहम पॉटर ब्रायटनमध्ये यशस्वी होते. ते चेल्सीला गेले आणि सात महिन्यांच्या आत त्यांना काढण्यात आले. माणसे तीच होती, छप्पर बदलले होते. ब्रायटनचे अध्यक्ष टोनी ब्लूम प्रशिक्षक येण्याच्या आधीच आपल्याला कशा प्रकारचा खेळ हवा आणि कोणते खेळाडू घ्यायचे हे ठरवून ठेवतात. त्यामुळे एक गेला तर त्याच जातीचा दुसरा शोधायचा असतो, सगळे नव्याने मांडायचे नसते.

पण चेल्सीने प्रशिक्षक बदलूनच एवढे करंडक जिंकले ना?

हा युक्तिवाद मला दर वेळी ऐकावा लागतो आणि तो पूर्णपणे फेटाळता येत नाही. अब्रामोविच यांच्या काळात चेल्सीने पाच वेळा लीग आणि दोन वेळा चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपीय क्लबांची सर्वोच्च स्पर्धा, जिंकली. दोन्ही युरोपीय विजेतेपदे हंगामाच्या मध्यावर आलेल्या प्रशिक्षकांनी मिळवली : मार्च २०१२ मध्ये आलेल्या दी मात्तेओ यांनी त्याच मे महिन्यात आणि जानेवारी २०२१ मध्ये आलेल्या टुकेल यांनी चार महिन्यांत. दी मात्तेओ यांना त्या विजयानंतर सहाच महिन्यांत काढले गेले, हेही त्याच गोष्टीत सांगायला हवे.

तरी दोन बाबी पाहाव्यात. पहिली अशी की, प्रशिक्षक बदलत होते तेव्हा टेरी, लॅम्पार्ड, चेक आणि ड्रोग्बा हा संघाचा कणा अनेक वर्षे तोच होता. नवा प्रशिक्षक आला तरी ड्रेसिंग रूम नवी होत नव्हती. दुसरी बाब पैशाची आहे. अब्रामोविच यांनी क्लबला दिलेले सुमारे दीड अब्ज पौंडांचे कर्ज क्लब सोडताना माफ केले. काढलेल्या प्रशिक्षकाची भरपाई आणि नव्याच्या आवडीचे खेळाडू, असा दुहेरी खर्च दर दीड-दोन वर्षांनी सोसण्याची ऐपत असेल, तर हा मार्ग चालतो. आमच्या क्लबच्या मागील वर्षीच्या हिशेबात चेंडूंच्या खरेदीवरून अर्धा तास चर्चा झाली होती, एवढे सांगून मी थांबतो.

प्रशिक्षक बदलला की संघ लगेच जिंकू लागतो, हे खरे आहे ना?

जिंकू लागतो, पण बऱ्याचदा तो तसाही जिंकू लागला असता. नेदरलँड्सच्या सर्वोच्च लीगमधील १९८६ ते २००४ या काळातील बदलांचा अर्थशास्त्रज्ञ बास तेर वील यांनी केलेला अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रशिक्षकाला काढण्याआधी संघाची कामगिरी घसरते आणि काढल्यानंतर सावरते, असे त्यात दिसले. मग त्यांनी तशाच घसरणीतून गेलेले, पण प्रशिक्षक न बदललेले संघ शोधले. तेही तसेच सावरले होते. सलग चार पराभवांमध्ये थोडे दुर्दैव असतेच. एखादी पेनल्टी खांबाला लागलेली असते, एखादा बचावपटू जायबंदी असतो. पाचव्या-सहाव्या सामन्यात दुर्दैव आपोआप कमी होते आणि श्रेय नव्या साहेबांना जाते.

आमच्याकडे पहिल्या बदलानंतर नेमके हेच झाले. लष्करातून निवृत्त झालेले आमचे पहिले सर गेले आणि पुढचे दोन सामने आम्ही जिंकलो. अध्यक्षांनी सर्वांना कुंदा वाटला. दोन्ही सामन्यांत आमचा मुख्य गोलरक्षक परत आला होता, कारण उद्यमबागेतील फौंड्रीत त्याची दुसरी पाळी संपून पहिली सुरू झाली होती. हे कोणी इतिवृत्तात लिहिले नाही. महिन्याभराने त्याची पाळी पुन्हा फिरली आणि आम्ही पुन्हा हरू लागलो.

फर्ग्युसन यांना संधी दिली नसती तर काय झाले असते?

अलेक्स फर्ग्युसन नोव्हेंबर १९८६ मध्ये मँचेस्टर युनायटेडला आले, १९८९-९० च्या हंगामात त्यांना काढण्याची जाहीर मागणी होत होती, अध्यक्ष मार्टिन एडवर्ड्स यांनी त्यांना ठेवले, १९९० मध्ये एफए कप आणि १९९३ मध्ये लीग आली, आणि पुढे लीगची संख्या तेरापर्यंत गेली. ही कथा खरी आहे, पण तिचा वापर सरसकट करू नये. ठेवून घेतलेले आणि तरीही काहीच न जमलेले प्रशिक्षक कोणाच्या लक्षात राहत नाहीत.

उलट क्रिस्टल पॅलेसने २०१७ मध्ये फ्रँक दे बोअर यांना लीगचे पहिले चार सामने एकही गोल न करता हरल्यावर ७७ दिवसांत काढले, रॉय हॉजसन यांना आणले आणि क्लब अकराव्या स्थानावर राहिला. तो निर्णय बरोबर ठरला. पण सावध बचाव आणि प्रतिहल्ला यांची सवय असलेल्या संघाकडे चेंडूवर ताबा ठेवून खेळणारा प्रशिक्षक उन्हाळ्यात कोणी आणला होता, हा प्रश्न सप्टेंबरमधील चांगल्या निर्णयाने पुसला जात नाही. अध्यक्ष तेच होते.

आपल्या आसपास याची चांगली उदाहरणे आहेत का?

आहेत, आणि चोर्ला घाट उतरला की पहिले भेटते. गोव्याच्या धेंपो क्लबने आर्मांदो कोलासो यांना २००० पासून २०१३ पर्यंत ठेवले आणि त्या काळात पाच राष्ट्रीय लीग विजेतेपदे मिळवली. आपल्या भागातील जुनी माणसे त्या संघाविषयी अजूनही घरच्या संघासारखी बोलतात.

बेंगळुरू एफसीचे उदाहरण दोन्ही बाजूंनी शिकवणारे आहे. २०१३ मध्ये स्थापन झालेल्या या क्लबने पहिली तीन वर्षे अॅशले वेस्टवूड यांच्याकडे दिली आणि तेव्हाची देशातील सर्वोच्च लीग असलेली आय-लीग दोनदा जिंकली. मग आल्बेर्ट रोका आले आणि २०१६ मध्ये संघ आशियाई क्लबांच्या एएफसी कपच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. रोका गेल्यावर त्यांचेच सहायक कार्लेस क्वाद्रात यांना बढती मिळाली आणि त्यांनी २०१८-१९ ची इंडियन सुपर लीग जिंकून दिली. म्हणजे बदल झाला, पण धागा तुटला नाही. जानेवारी २०२१ मध्ये क्वाद्रात गेले आणि डिसेंबर २०२३ पर्यंत पेत्साइउओली आणि ग्रेसन असे दोन मुख्य प्रशिक्षक येऊन गेले. त्या लीगचे विजेतेपद तेव्हा पुन्हा हाती लागले नाही.

कोल्हापूरची तुलना निपाणीकर हमखास करतात, परंतु तेथील तालीम संघांची गोष्ट वेगळी आहे. पाटाकडील किंवा खंडोबा तालमीचा प्रशिक्षक बहुधा पेठेतलाच जुना खेळाडू असतो आणि शाहू स्टेडियमवर हरल्यावर त्याला त्याच गल्लीतून घरी जायचे असते. त्याला काढणे सोपे नसते, हा त्या पद्धतीचा गुण की दोष, याचा निकाल मला अजून लावता आलेला नाही.

प्रेक्षक आणि कमिटी यांचा काहीच दोष नाही का?

आहे, आणि त्यात माझाही वाटा आहे. आमचे दुसरे सर तरुण होते, त्यांच्याकडे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा प्रशिक्षकांसाठीचा प्राथमिक डी परवाना होता आणि ते सरावाची हजेरी वहीत लिहीत. तीन पराभवांनंतर क्लबच्या व्हॉट्सअॅप गटावर ‘कोच बदला’ असे संदेश सुरू झाले. एका दुकानाच्या मागच्या खोलीत बैठक झाली. अध्यक्षांनी ‘तुम्ही म्हणाल तसे’ असे म्हटले आणि आम्हा सातपैकी सहा जणांनी हात वर केले. त्यातला एक हात माझा होता. सरांना कळवण्याचे काम कोणी करायचे हे ठरलेच नाही. दुसऱ्या दिवशी सायंकाळी ते नेहमीप्रमाणे मैदानावर आले आणि एका खेळाडूने त्यांना सांगितले. त्यांनी शंकू गोळा केले, बिब्सची पिशवी आणि हजेरीची वही माझ्या हातात दिली आणि दुचाकी सुरू केली.

ती वही मी घरी जाऊन वाचली. बावीस नावांपैकी सरावाला साधारण नऊ-दहा जण येत. पावसाळ्यात त्याहूनही कमी. मैदान आठवड्यातून दोनच संध्याकाळी मिळत होते. तिसरे सर आले, ते अध्यक्षांच्या ओळखीचे होते, आणि त्यांच्याही काळात हजेरी दहाच्या वर गेली नाही. तीन प्रशिक्षक बदलले. मैदान, पाळ्या आणि हजेरी यांना कोणी हात लावला नव्हता आणि ते काम प्रशिक्षकाचे नव्हते, आम्हा कमिटीचे आणि अध्यक्षांचे होते.

तरीही सहा हात आणि एक शब्द यांचे वजन सारखे नसते. अध्यक्षांनी ‘हंगाम संपेपर्यंत थांबू’ असे म्हटले असते, तर त्या खोलीत एकही हात वर गेला नसता.

काढलेल्या प्रशिक्षकाला भरपाई मिळते का?

व्यावसायिक पातळीवर मिळते. प्रशिक्षकांच्या करारांविषयी फिफाचे स्वतंत्र नियम १ जानेवारी २०२१ पासून लागू आहेत. रास्त कारणाविना करार मोडल्यास भरपाई द्यावी लागते. भारतीय महासंघाने जून २०२४ मध्ये राष्ट्रीय प्रशिक्षक इगोर स्टिमाच यांना काढले तेव्हा त्यांचा करार शिल्लक होता आणि ते प्रकरण चार लाख डॉलरना मिटवावे लागले. करार वाढवून देणारे आणि मोडणारे हात एकाच संस्थेचे होते. आपल्या स्थानिक प्रशिक्षकाला प्रवासखर्च आणि थोडे मानधन मिळते, करार नसतो, आणि काढणे फुकट पडते म्हणून ते सहज घडते.

नियम करून हे थांबवता येईल का?

ब्राझीलने २०२१ च्या सर्वोच्च लीगमध्ये प्रयत्न केला होता. एका क्लबने हंगामात एकाहून अधिक प्रशिक्षकांना काढू नये, असा नियम होता. परस्पर संमतीने वेगळे झाल्याचे दाखवले की तो लागू होत नसे, आणि क्लबांमध्ये परस्पर संमती एकाएकी फार वाढली.

अध्यक्षांनी स्वतः राजीनामा दिल्याचे उदाहरण आहे का?

रेआल माद्रिदचे फ्लोरेंतिनो पेरेझ. २००३ मध्ये लीग जिंकून देणाऱ्या देल बोस्के यांचा करार त्यांनी वाढवला नाही. त्यानंतरच्या तीन हंगामांत केरोझ, कामाचो, गार्सिया रेमोन, लुशेंबुर्गो आणि लोपेझ कारो असे पाच प्रशिक्षक आले, लीग किंवा चॅम्पियन्स लीग यांपैकी काही आले नाही आणि फेब्रुवारी २००६ मध्ये पेरेझ यांनी पद सोडले. २००९ मध्ये ते परतले. पुढे सहा चॅम्पियन्स लीग जिंकल्या गेल्या, त्या सगळ्या अँचेलॉटी आणि झिदान या दोघांच्याच हाताखाली. या दोघांनाही क्लबने एकदा गेल्यानंतर पुन्हा बोलावले होते.

वार्षिक सभेत सभासदांनी अध्यक्षांना काय विचारावे?

‘सरांना का काढले’ हे विचारू नका, त्याचे उत्तर गुणतक्त्यात असते आणि अध्यक्ष ते पाठ करून येतात. नेमताना आणखी कोणाकोणाशी बोलला होता, सरांकडून लेखी काय अपेक्षा ठेवली होती, किती सामन्यांनी आढावा घ्यायचे ठरले होते आणि संघ कोण निवडत होते, हे विचारा. आमच्या सभेत हे प्रश्न एका निवृत्त शिक्षक सभासदांनी विचारले. पहिल्याचे उत्तर ‘कोणाशीच नाही’ असे आले आणि ते इतिवृत्तात नोंदवले गेले.

तुमच्या क्लबचे प्रशिक्षक सध्या कोण आहेत?

दुसरे सर. दोनदा त्यांच्या घरी जाऊन माफी मागावी लागली, एकदा कमिटीला आणि एकदा एकट्या अध्यक्षांना. या वेळी दोन हंगामांचे पत्र दिले आहे, संघनिवड त्यांच्याकडे आहे आणि तिसऱ्या संध्याकाळसाठी अध्यक्षांनी एका शाळेचे मैदान मिळवून दिले आहे. पत्राची प्रत माझ्या फाइलमध्ये आहे. हजेरीची वही मी त्यांना परत केली. तेव्हा त्यांनी ती उघडून, मधल्या महिन्यांची पाने कोरी का, एवढेच विचारले.